गाणे कोणाच्या नावावर?

गिरगावातील आमच्या एका स्नेह्यांच्या घरी नातवाच्या बाप्तिस्म्याचे जेवण होते. जेवणे उरकली, बाळ झोपले आणि वाडीतल्या त्या जुन्या लाकडी घराच्या व्हरांड्यात खुर्च्या ओढून मंडळी निवांत बसली. घरच्या तरुणाने जुनी कोंकणी गाणी लावली. प्रथम आल्फ्रेड रोझ यांचा आवाज आला, मागोमाग लॉर्नाचा. आणि पाहता पाहता वाद जुंपला. यजमानांचे म्हणणे असे की, जो स्वतः शब्द लिहितो, स्वतः चाल बांधतो आणि स्वतःच गातो, तोच खरा कलावंत. दुसऱ्याने रचलेले गाणारा कितीही गोड गळ्याचा असला, तरी त्याचे सारे उसनवारीचे. वसईहून आलेल्या व्याह्यांना हे मुळीच पटले नाही. "अहो, मग मिस्सेत शुभवर्तमान वाचणारे फादरही उसनवारीचेच म्हणायचे की! शब्द त्यांचे नसतात. पण त्यांनी वाचल्याशिवाय ते आपल्या कानी तरी पडतात का?" असे ते म्हणाले. हशा पिकला, पण वाद मिटला नाही.

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत यजमानांचे वृद्ध चुलते बसले होते. त्यांनी उभी हयात दादर, परळ आणि ताडदेवच्या स्टुडिओंत व्हायोलिन वाजवण्यात घालवली. वादात त्यांनी तोंड घातले नाही. मध्येच एक जुने हिंदी चित्रपटगीत लागले, तशी त्यांची नात जवळ जाऊन म्हणाली, "ग्रँपा, यात तुम्ही वाजवलंय ना? मग तुमचं नाव कुठे आहे?" तिच्या हातातील मोबाइलच्या पडद्यावर गायिकेचे नाव होते, संगीतकाराचे होते, गीतकाराचे होते, कंपनीचेही होते. वृद्ध हसले. म्हणाले, "माझं नाव देवाच्या वहीत आहे, बाय." सर्वांना ते उत्तर अतिशय आवडले. कुणी टाळी वाजवली, कुणी 'काय ही नम्रता!' म्हणाले. आम्हीही मान डोलावली.

ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत चालत आलो, तोवर मात्र ते मान डोलावणे आम्हांला टोचू लागले. मुलीने प्रश्न विचारला होता तो खरे तर आम्हां सर्वांना. उत्तर मात्र एकट्या त्या वृद्धाला द्यावे लागले. आणि त्यांनी ते असे दिले की आम्ही सारे सुटलो. एखाद्याच्या नम्रतेचे कौतुक करून त्याचे देणे बुडवता येते काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घोळत आहे. तो वाचकांपुढे मांडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

वाद ज्यावरून सुरू झाला तेथूनच आरंभ करू. कोंकणी रंगभूमीवर गाण्याला 'कांतार' म्हणतात आणि ते गाणाऱ्याला 'कांतारिस्त'. शब्द पोर्तुगिजांकडून आला. त्याचे मूळ गाणे या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. त्याच मुळापासून इटलीत १९६० च्या सुमारास 'कांताउतोरे' हा शब्द रूढ झाला. गायक आणि कर्ता या दोन शब्दांचा तो जोड आहे. इटलीतील सानरेमो या गावी १९५१ पासून दरवर्षी गीतांचा महोत्सव भरतो. तेथे बहुधा गीतकार लिहीत, संगीतकार चाल देत आणि नावाजलेले गायक गात. पुढे स्वतःच लिहिणारे आणि स्वतःच गाणारे तरुण आले, तेव्हा त्यांच्यासाठी हा नवा शब्द लागला. आणि गिरगावच्या व्हरांड्यात झाला तोच वाद तेथेही झाला: थोर कोण, कर्ता की गळा?

इटलीशी आपल्या कांताराचे नाते केवळ शब्दाचे नाही. गेल्याच्या आधीच्या शतकात आसगावचा लुकाझिन रिबेरो हा गोमंतकीय तरुण पोटासाठी मुंबईस आला. तेव्हा एक इटालियन नाटक मंडळी मुंबईत संगीतनाटके करीत होती. ती पाहून हा तरुण भारावून गेला, त्या मंडळीत पडद्यामागची कामे करू लागला आणि मंडळी परत निघाली तेव्हा तिचे काही पोशाख त्याने विकत घेतले, असे सांगतात. त्याच्याच खटपटीतून १७ एप्रिल १८९२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात पहिला तियात्र रंगला. त्याचे नावच मुळी 'इटालियन भुरगो', म्हणजे इटालियन मुलगा. पुढे १८९५ साली जुआंव आगुस्तिन फर्नांडिस यांनी 'बेल द कावेल' रंगभूमीवर आणले. यातले कावेल म्हणजे काळबादेवीलगतचे, आरोग्यमातेच्या चर्चचे आपले कावेल. गोव्याची म्हणून ओळखली जाणारी ही नाट्यकला जन्मली ती मुंबईत, आपल्याच गल्ल्यांच्या आसपास, नोकरीसाठी आलेल्या माणसांच्या हातून.

तियात्राच्या दोन अंकांमध्ये पडदा पडलेला असताना कांतारिस्त पुढे येतो आणि कथेशी संबंध नसलेले गाणे म्हणतो. भाटकाराचा जुलूम, दारूचे व्यसन, हुंडा, निवडणूक, चर्चला जाऊन घरी सुनेला छळणारी सासू, असा कोणताही विषय त्याला चालतो. शब्द बहुधा त्याचेच असतात. यजमानांच्या बाजूचे खरे बळ येथे आहे. स्वतः रचून गाणाऱ्याला पळवाट नसते. गाणे कुणाला झोंबले, तर 'लिहिणारा दुसरा होता' असे म्हणायची त्याला सोय नाही. आल्फ्रेड रोझ (१९३२–२००३) यांच्यावर दोन पिढ्यांनी जीव टाकला तो केवळ आवाजासाठी नव्हे. हा माणूस जे गातो ते त्याने स्वतः पाहिले आहे, असा श्रोत्यांना विश्वास वाटे. इटलीतील जेनोवाचा फाब्रीत्सिओ दे आंद्रे (१९४०–१९९९) याने १९७० साली पवित्र मरिया, योसेफ आणि क्रुसावरचे चोर यांच्यावर संपूर्ण गीतमालिका रचली, तीही ख्रिस्तसभेने आपल्या शास्त्रात न घेतलेल्या प्राचीन ग्रंथांच्या आधाराने. ती एखाद्याला मानवेल, एखाद्याला खटकेल. पण तिचा जाब विचारायला कोणाकडे जायचे, याबद्दल कुणाला शंका नव्हती.

तथापि व्याह्यांची बाजूही हलकी नाही. लॉर्ना कोर्देरो यांची जी गाणी आज लग्नाच्या हॉलमध्ये लागली की म्हातारी माणसेसुद्धा उठून उभी राहतात, त्यांतील बहुतेक ख्रिस पेरी यांची. ख्रिस पेरी (१९२८–२००२) हे मूळचे मडगावजवळच्या बोर्ड्याचे, ट्रम्पेटवादक आणि वाद्यवृंदाचे नायक. शब्द आणि सूर पेरींचे, गळा लॉर्नाचा. पुढे लॉर्ना यांनी अनेक वर्षे गाणे थांबवले आणि १९९५ साली त्या परत गाऊ लागल्या, तेव्हा त्यांना ऐकायला लोटलेली गर्दी सांगत होती की, त्या गाण्यांना लोकांनी दुसऱ्या गळ्यात कधी स्वीकारलेच नव्हते. इटलीतील मीना ही गायिका १९७८ नंतर जाहीर कार्यक्रमात उभी राहिली नाही. तिची कीर्ती बव्हंशी इतरांनी रचलेल्या गीतांवर उभी. तरी तिचे गाणे उसने आहे, असे तेथे कुणी म्हणत नाही.

आपल्या लालबाग-परळकडे पाहावे. लाल बावटा कलापथकात अण्णा भाऊ साठे यांची लेखणी होती आणि अमर शेख यांचा पहाडी आवाज होता. अण्णा भाऊ स्वतः गात, अमर शेख स्वतः काव्य रचीत. म्हणजे दोघेही कर्ते आणि दोघेही गायक. तरी संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत गिरणी कामगारांचा जमाव हलत असे, तो एकाचे शब्द दुसऱ्याच्या कंठातून निघत तेव्हाही. १९६९ च्या जुलैत अण्णा भाऊ गेले आणि ऑगस्टमध्ये अमर शेख. त्यांतला थोर कोण, असे त्या कामगाराला विचारले असते तर तो प्रश्न त्याला कळलाच नसता.

ख्रिस्तसभेला हा प्रश्न फार जुना आहे. चौथ्या शतकात इटलीतील मिलानचे बिशप संत अँब्रोझ स्वतः स्तोत्रे रचीत आणि लोकांकडून गाऊन घेत. त्या अर्थी ते इटलीचे पहिले कांताउतोरेच म्हणावयाचे. ती स्तोत्रे ऐकून डोळ्यांतून अश्रू वाहिल्याचे संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कबुलीजबाबा'त सांगितले आहे. मात्र त्याच ग्रंथाच्या दहाव्या भागात ते एक शंकाही नोंदवतात. गाण्यातील आशयापेक्षा गळ्यानेच मन अधिक हलले, तर आपल्या हातून अपराध घडला असे त्यांना वाटते. आणि तरीही चर्चमध्ये गाणे असावे, या बाजूने ते कौल देतात. शब्द आणि आवाज यांची फारकत इतक्या मोठ्या संतालाही करता आली नाही, तर ती व्हरांड्यातल्या वादात आपल्याला कशी करता यावी? पण याच कहाणीला आणखी एक पदर आहे. अँब्रोझ यांची स्तोत्रे इतकी गाजली की पुढील काळात त्या वळणाची जी जी स्तोत्रे झाली, त्यांतील कितीतरी त्यांच्याच नावावर गेली. त्यांच्या स्वतःच्या म्हणून निश्चित सांगता येतील अशी फार थोडी. बाकीची लिहिणारे कोण होते, हे आज कोणालाही सांगता येत नाही. संतांनी ती मागितली नव्हती. लोकांनीच ती त्यांच्या पदरात टाकली. प्रसिद्ध नावाला अशी ओढ असते.

आता कोपऱ्यातल्या आरामखुर्चीकडे वळू. कर्ता आणि गळा यांच्या वादात जो तिसरा माणूस दोन्ही पक्षांना दिसत नाही, तो तेथे बसलेला होता. इटलीतही तो होता. दोमेनिको मोदूनो याचे १९५८ चे सानरेमो गाजवणारे गीत जगभर गेले. ते लिहिताना फ्रांको मिल्याच्ची त्याच्यासोबत होता, हे किती जणांना ठाऊक आहे? दे आंद्रे याच्या त्या धार्मिक गीतमालिकेचे वाद्यसंयोजन जान पिएरो रेवेर्बेरी याने केले होते. 'एकट्याने' केलेल्या गाण्यातही एकटे कोणी नसते.

मुंबईत तर या तिसऱ्या माणसांची एक वसाहतच होती. सोळाव्या शतकापासून गोव्याच्या गावोगावच्या चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवले जाई. शिकवणारा 'मेस्त' हा गावचा साधा माणूस. रविवारी गायनवृंद सांभाळावा, सणाला वाद्यवृंद उभा करावा आणि आडदिवशी पोरांच्या बोटांवर छडी मारावी, हे त्याचे जीवित. त्याच्या हातून तयार झालेली मुले मुंबईस येत, धोबीतलावच्या जेर महाल चाळीतील आपापल्या गावच्या 'कुडा'त पथारी टाकत आणि काम शोधत. हॉटेलांतून नाचाची वाद्यवृंदे होती, मूकपट होते, नंतर बोलपट आले. अल्दोन्याचे आंतोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७), ज्यांना जग 'चिक चॉकलेट' म्हणून ओळखे, त्यांचा ट्रम्पेट सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला'त (१९५१) आहे. रेइस मागूशचे सेबॅस्टियन डिसोझा (१९०६–१९९८) फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात वाद्यवृंद चालवीत. फाळणीनंतर ते मुंबईस आले आणि सुमारे वीस वर्षे शंकर-जयकिशन यांच्या गीतांचे वाद्यसंयोजन त्यांनी केले.

वाद्यसंयोजन म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय देण्याघेण्याचा हिशेब कळणार नाही. संगीतकार चाल गुणगुणून किंवा पेटीवर वाजवून दाखवी. ती कागदावर पाच रेषांत उतरवायची. व्हायोलिनांनी कोठे उठायचे, चेलोने खालून काय धरायचे, दोन कडव्यांमधल्या जागेत बासरी येणार की ट्रम्पेट, गायिका श्वास घेईल तेवढ्या क्षणात कोणता स्वर तिची जागा राखील, हे सारे लिहून प्रत्येक वादकाला त्याचा कागद द्यायचा. आपल्याला एखादे जुने गाणे आठवते तेव्हा कितीदा शब्दांच्या आधी सुरुवातीचे व्हायोलिनच आठवते! ती जागा पुष्कळदा अशाच एखाद्या कागदावर जन्मलेली असते. ध्वनिमुद्रण झाले की वादकाला त्या दिवसाचे पैसे मिळत आणि तो पुढल्या स्टुडिओकडे जाई. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत 'सहायक' म्हणून वाद्यसंयोजकाचे नाव कधीमधी झळके. तबकडीवर मात्र ते नसे, आणि घरोघर पोहोचे ती तबकडी.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा की, वादकाला ठरलेली मजुरी मिळाली, व्यवहार पुरा झाला. गवंड्याचे नाव घरावर कोण कोरतो? द्राक्षमळ्याच्या धन्यानेही ठरलेला दीनारच दिला होता. पण त्या दाखल्यातला धनी आपल्या मजुरांना मळ्यात कामाला आलेले मजूर म्हणून ओळखत होता. मळा त्यांनी पाहिलाच नाही, असे तो म्हणाला नाही. मजुरी देऊन श्रम विकत घेता येतात. 'हे याने केले' हे सत्य मात्र विकत घेता येत नाही, कारण ते कोणाच्या मालकीचे नसते. आणि नाव छापायचे की नाही, ही रेषाही काही आकाशातून उतरलेली नव्हे. १९४९ साली 'महल' चित्रपटाच्या तबकडीवर गायिका म्हणून चक्क पडद्यावरील पात्राचे नाव छापले गेले होते. श्रोत्यांनी विचारणा सुरू केली तेव्हा लता मंगेशकर हे नाव पुढे आले. म्हणजे ज्या गळ्याला आज आपण गाण्याचे सर्वस्व समजतो, तोही एके काळी निनावीच होता. रेषा हलली, कारण ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारला. २०१२ साली कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटगीतांच्या पुढील उत्पन्नातील गीतकार आणि संगीतकार यांचा वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही, असे ठरले. ती रेषा पुन्हा एकदा हलली. अजूनही ती आरामखुर्चीपर्यंत पोहोचलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आपल्या ईस्ट इंडियन घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराच्या पाण्याच्या वेळी बायका जी गाणी म्हणतात, ती कोणी रचली? कोणालाच ठाऊक नाही आणि कोणाचे काही बिघडलेलेही नाही. मोठमोठी कॅथीड्रले बांधणाऱ्या पाथरवटांनी आपली नावे मागे ठेवली नाहीत. मग वादकानेच नावाचा हट्ट का धरावा? निनावी राहणे हेच भक्तीचे उत्तम रूप नव्हे काय?

आम्हांला येथे एक भेद दिसतो. लग्नातल्या गाण्यावर कोणाचेच नाव नाही. ते साऱ्या गावाचे आहे आणि गाव तसे प्रामाणिकपणे म्हणतो. तबकडीवर मात्र काही नावे आहेत आणि काही गाळलेली आहेत. सर्वांनी मिळून पाटी कोरी ठेवणे वेगळे, आणि पाटीवर तिघांची नावे लिहून चौथ्याला नम्रतेचा उपदेश करणे वेगळे. उजव्या हाताने काय केले ते डाव्याला कळू देऊ नये, ही प्रभूची शिकवण देणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्याने ती देणाऱ्याला ऐकवायची नसते. नम्रता हा ज्याचा हक्क आहे त्याने आपल्या खुशीने केलेला त्याग आहे. त्याचा हक्क आपण मान्यच केला नसेल, तर त्याने त्याग तरी कशाचा करावा? त्या वृद्धाचे उत्तर त्यांच्या मुखात सुंदर होते. तेच उत्तर आमच्या मुखात आले असते, तर ती कृतघ्नता ठरली असती. आम्ही टाळी वाजवून ते जवळजवळ आमचे करून घेतले होते, हीच आमची बोच.

पवित्र शास्त्रात याचा एक लहानसा दाखला आहे, जो आपण वाचताना ओलांडून जातो. संत पौल यांच्या रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्याय म्हणजे बहुतांशी नावांची यादी आहे: फिबी, प्रिस्का, अक्विला आणि कितीतरी जण. कोणी मदत केली, कोणी जीव धोक्यात घातला, कोणी कष्ट उपसले, ते पौल नावानिशी सांगतात. आणि मध्येच त्यांचे सांगणे कागदावर उतरवणारा लेखनिक तर्तिय स्वतःच्या नावाने वाचकांना सलाम करतो. ख्रिस्तसभेच्या एवढ्या थोर पत्रात लेखनिकाचे नाव राहू दिले गेले. त्याने पौलांचे मोठेपण तिळमात्र कमी झाले नाही. स्वरलिपी लिहिणारे आपले वाद्यसंयोजक हे दुसरे काय होते? बरे झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच आभार मानायला परत आला, तेव्हा प्रभूने उरलेल्या नऊ जणांची चौकशी केली. प्रभूला आभारांची उणीव थोडीच होती! परत न येण्याने जे उणे झाले ते त्या नऊ जणांत.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांची कथा या संदर्भात आम्हांला नेहमी आठवते. कोवळ्या वयात ते मुंबईस आले, नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले, पुढे वाद्यसंयोजक झाले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना त्यांनी शिकवले. एप्रिल १९५८ मध्ये धोबीतलावजवळच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्यांनी शंभरावर वादकांचा वृंद उभा केला आणि भारतीय रागसंगीत त्या वृंदाकडून वाजवून घेतले; लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. १९६५ साली ते अमेरिकेस गेले. पुढे गावी परतून तेथेच शांतपणे राहिले. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' आला आणि त्यातील गाण्यात प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचे नाव गुंफले. साऱ्या देशाने ते नाव तोंडपाठ केले. ते एका जिवंत माणसाचे, एका गुरूचे आहे, हे मात्र फारच थोड्यांना माहीत होते. शिष्याने आपले ऋण फेडले. ऐकणाऱ्या आपण मात्र नाव घेतले आणि माणूस विसरलो. म्हणून नुसते नाव छापून हा प्रश्न सुटतो, असेही आम्ही म्हणणार नाही. नावामागच्या माणसाची कोणी विचारपूस केली पाहिजे.

तेव्हा थोर कोण, हा वाद आम्ही रसिकांवर सोपवतो. तो जेवणानंतरच्या व्हरांड्यात रंगावा आणि अनिर्णित राहावा, यातच त्याची गोडी आहे. कोणाचे आपण ऋणी आहोत, हा प्रश्न मात्र नीतीचा आहे आणि त्याचे उत्तर टाळता येत नाही. तो स्टुडिओंपुरताही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेत होऊ लागली आणि गेल्या साठ वर्षांत मराठी भक्तिगीतांचे केवढे भांडार उभे राहिले! ती गीते कोणी धर्मगुरूंनी लिहिली, कोणी शाळामास्तरांनी, कोणी धर्मभगिनींनी. आपल्या धर्मग्रामाचे गीतपुस्तक उघडून पाहावे: किती गीतांखाली कर्त्याचे नाव आहे? ऑर्गन वाजवणाऱ्याचे, गायनवृंदाला रात्री रात्री शिकवणाऱ्या बाईंचे नाव आपल्या मुलांना ठाऊक आहे काय? २२ नोव्हेंबरला संत सिसिलियाचा सण येतो. त्या रविवारी एखादे नाव वेदीजवळून उच्चारले गेले, तर पूजा अपुरी राहणार नाही.

महिन्याभराने आम्ही त्या घरी पुन्हा गेलो. एक वही नेली होती. वृद्धांना म्हटले, "तुम्ही ज्या ज्या गाण्यांत वाजवलंत ती सांगा, आम्ही लिहून घेतो." ते प्रथम नको नको म्हणाले. मग डोळे मिटून सांगू लागले. पण स्वतःविषयी नव्हे. अमुक गाण्यात पहिले व्हायोलिन कोणाचे, चेलोवर कोण होते, कोणता सॅक्सोफोनवाला ताप अंगावर काढून आला होता, कोणाला त्या संध्याकाळी मुलगी झाली आणि पेढे परळच्या स्टुडिओत वाटले गेले. बहुतेक जण आता हयात नाहीत. ती नावे छापण्याचा अधिकार त्यांच्या घरच्यांचा आहे, म्हणून येथे देत नाही. दोन तासांत वहीची सात पाने भरली आणि त्यांत सांगणाऱ्याचे नाव एकदाही आले नाही. निघताना नातीने आमच्या हातून वही घेतली आणि पहिल्या पानाच्या माथ्यावर, आपल्या मोठ्या वाटोळ्या अक्षरात, तिने तिच्या ग्रँपाचे पूर्ण नाव लिहिले. वृद्धांनी चष्मा लावून ते वाचले. आडनावात एक चूक होती. ती त्यांनी दुरुस्त करायला लावली.